वल्ला

(माहितीपटाचं निवेदन)

मे महिना. पैठणच्या नाथसागर जलाशयाचं पाणी मागं हटलंय. नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ, आणि मधेच एक दगडी चौथरा. १९७६ साली जायकवाडी धरण झालं, काठची गावं पाण्याखाली गेली, माणसं नव्या वसाहतींत गेली.

चौथऱ्यावर बसलेत ते सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३० वर्षं शिकवलं, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. नाव घ्यायचं नाही, ही त्यांची अट. "पुस्तकावर हाय की." हा चौथरा त्यांच्या घराचा नाही. त्यांचं घर आणखी आत, तिथं यंदाही पाणी होतं.

प्रेमाबद्दल विचारलं की सर सुमारे २,००० वर्षं मागं जातात. हे पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. कोटीभर गाथांतून, म्हणजे छोट्या कवितांतून, ७०० निवडल्या, असं हाल राजाची गाथासप्तशती स्वतःच सांगते. भाषा महाराष्ट्री प्राकृत, संस्कृत नव्हे. सरांच्या हातातली प्रत स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली, १९५६ची. शिवण उसवलीय, पाठीला खळ लावून कागद डकवलाय.

त्यांची आवडती गाथा ऐका. साळीची शेतं पांढुरकी पडलीत, कापणी आली. एक पोरगी मान खाली घालून रडतेय. सखी म्हणते, रडतेस कशाला? तागाचं रान बघ, तोंडाला हरताळाचा पिवळा रंग फासलेल्या नटीसारखं झालंय.

संपली गाथा. कोण कुणाला भेटतंय, एक अक्षर नाही. साळ कापली की आडोसा गेला, आणि पिवळ्या फुलांच्या तागात नवा आडोसा तयार झाला, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

"पीक सांगायचं," सर म्हणतात. "मानूस आपोआप कळतंय."

पैठणला आलोय म्हटल्यावर कॅमेरामनला पैठणीचा माग हवाच होता. हा घ्या माग. जरीच्या पदरात रेशमाचा मोर एकेक धागा करून भरला जातोय. कादंबरीही अशीच विणली जाते ना, असं आम्ही सरांना विचारलं. विचारायला नको होतं. "इणकराला पदर कुठं संपतो ते म्हाईत असतंय," ते म्हणाले. "मला असतं तर लिवलं कशाला असतं?"

आयुष्याबद्दलच्या प्रश्नाला वीज गेली. म्हणून इथं पडदा काळा आहे, फक्त आवाज ऐका. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. ओव्या म्हणायची, आणि घण खाली येताना ओवी तुटायची.

आता पहाट. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या बाजूवर सर लिहितात. पहिला खर्डा शुद्ध, प्रमाण मराठीत. मास्तरकीची सवय, हात तसाच वळतो. मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मोठ्यानं वाचतात. आत भाकरी थापणाऱ्या बाईंनी कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला. दिसतात ते त्यांचे हात. थापणं थांबलं की सर समजतात, वाक्य अडकलं. खोडतात, पुन्हा वाचतात. एकेक प्रकरण असं चार-पाच वेळा उंबऱ्यावरून जातं. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या बायका ज्या बोलीत भांडतात, रुसतात, जीव लावतात, ती या चुलीपुढची आहे. तिला कुणी अशुद्ध म्हटलं की सर पुन्हा गाथासप्तशती उघडतात.

बोली काढून प्रमाण भाषा करा, असं एका प्रकाशकानं कळवलं. सरांनी हस्तलिखित परत मागवलं. ५०० प्रती पदरच्या पैशानं काढल्या. बऱ्याचशा या पलंगाखाली आहेत.

आजचं पान.

"तिचा पदर अजून ओला होता..."

थापणं थांबतं.

"ओला न्हाई. वल्ला."

सर खोडतात. शाई पसरते, कागद जुना आहे. तव्यावर भाकरी फुगते.

"फुडं वाचा की."