देश बदलला, घर तिथंच

नमस्कार, श्रोतेहो. आजच्या पोलंड-चेकिया सीमेवरच्या ओल्झा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं चेशिन हे एकच गाव होतं. 1911 पासून तिथं ट्राम धावायची, रेल्वे स्टेशनवरून निघून पूल ओलांडून बाजारचौकाकडे. 1920 मध्ये बड्या राष्ट्रांनी नदीलाच सीमा ठरवलं. किल्ला अन् चौक पोलंडला, स्टेशन चेकोस्लोव्हाकियाला. पुढच्याच वर्षी ट्राम बंद पडली. अर्ध्या गावाची ट्राम चालवून करायचं काय?

स्टेशनच्या बाजूला राहिलेले पोलिश लोक कुठून आलेले नव्हते. घर तिथंच होतं, देश तेवढा बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या जुन्या संस्थांना पुन्हा उभं राहू दिलं नाही. 1947 मध्ये ‘पोलिश सांस्कृतिक-शैक्षणिक संघ’ ही नवी संस्था निघाली. आद्याक्षरांवरून लोक तिला ‘पेझेटकाओ’ म्हणतात. गावोगावी शाखा, त्यांची गायनवृंदं, नाटकं, आणि कित्येक ठिकाणी सभासदांनीच राबून बांधलेलं संघाचं घर. 1949 पासून ‘झ्व्रोत’ हे मासिक निघतं. 1951 पासून चेक बाजूच्या नाट्यगृहात व्यावसायिक पोलिश नाटकमंडळी आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला याब्वोन्कूव गावात डोंगराळ लोकांची जत्रा भरते. तिथं शाखा आपापले स्टॉल लावतात. किसलेल्या बटाट्याची धिरडी, म्हणजे ‘प्लात्स्की’, तव्यावर चरचरत असतात आणि पुढं रांग. या रांगेत कानावर पडते ती पुस्तकी पोलिश नव्हे. तिला तिथले लोक ‘पो नाशिमु’ म्हणतात, म्हणजे ‘आपल्यासारखं’. पोलिश बोलीच ती, पण चेक शब्दांनी भरलेली. तिथल्या पोलिश माध्यमाच्या शाळेत मात्र प्रमाण पोलिश, आणि चेकही शिकावी लागतेच. मुलांना तीन भाषा सांभाळायच्या!

या शाळा सरकारी खर्चाने चालतात, पण मूल कुठल्या शाळेत घालायचं हे ठरतं घरात. आई पोलिश, वडील चेक अशी घरं आता खूप. 1991 च्या जनगणनेत चेक भागात सुमारे 59 हजारांनी स्वतःला पोलिश म्हटलं. 2011 मध्ये 39 हजारांनी. गावात दहा टक्के पोलिश असतील तरच दोन्ही भाषांतल्या पाट्यांचा हक्क मिळतो. अशा पाट्यांवरचं पोलिश नाव रात्रीतून रंग फासून खोडल्याचे प्रकारही घडलेत. माझ्या मते पाटीपेक्षा पहिलीचा वर्ग महत्त्वाचा. संघाची मंडळी जत्रेत इतकी राबतात, कारण पुढच्या वर्षी त्या वर्गात कोण बसणार हे बऱ्याचदा धिरड्यांच्या रांगेतच कळतं.