'सायोनारा': कादंबरी जिथे निरोप घेते, तिथे सिनेमा थांबला नाही

कादंबरीवरून सिनेमा काढताना शेवट गोड केला की मला राग येतो. पण आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय, त्याचा शेवट बदलला हे फार चांगलं झालं. तो शेवट मी सांगणार आहे, त्यामुळे सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.

'सायोनारा', म्हणजे जपानीत 'निरोप', १९५७. दिग्दर्शक जोशुआ लोगन, मूळ कादंबरी जेम्स मिचनर यांची, १९५४ ची. कोरियन युद्ध चालू आहे. अमेरिकी हवाई दलातला मेजर ग्रुव्हर, म्हणजे मार्लन ब्रँडो, जपानमध्ये येतो. जपानी मुलींशी लग्न करणारे जवान वरिष्ठांना खुपतायत. लग्न केलंच, तरी बायकोला अमेरिकेत नेता येत नाही. ग्रुव्हरलाही या नियमात काही गैर वाटत नाही. त्याच्या ओळखीतला केली हा जवान कात्सुमीशी लग्न करायला निघतो, तेव्हा 'हे लग्न करू नकोस' म्हणून हाच त्याची समजूत घालायला जातो. आणि मग स्वतःच हाना-ओगी या नर्तकीच्या प्रेमात पडतो.

पण माझा जीव अडकलाय तो केली आणि कात्सुमीत. अमेरिकन दिसावं म्हणून कात्सुमी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं मनात आणते. केली तिच्यावर भडकतो. त्याला ती आहे तश्शीच हवीये! एवढ्याशा प्रसंगात कळतं, की आपल्या चेहऱ्यातच काहीतरी कमी आहे हे त्या पोरीच्या मनात किती खोल गेलंय. पुढे केलीला एकट्याला मायदेशी परतायचा हुकूम येतो. ती गरोदर आहे. दोघं एकत्र जीव देतात. आणि त्यानंतर ग्रुव्हरला कळतं, की बायकोला अमेरिकेत नेऊ न देणारा हा कायदा लवकरच बदलणार आहे. हा प्रसंग मला अजून सहन होत नाही.

आता शेवट. कादंबरीत हाना-ओगी निघून जाते, ग्रुव्हर तिच्याविना परततो. ब्रँडोने आग्रह धरला, की हे बदला, दोघांचं लग्न होऊ दे. सिनेमात ते पत्रकारांसमोर उभे राहतात. वरिष्ठांना काय कळवू, असं विचारल्यावर ग्रुव्हर म्हणतो, सांगा, आम्ही सायोनारा म्हटलंय.

यात धाडस कसलं? तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वेगळ्या वंशात लग्न करणं गुन्हा होता. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या नवरा-बायकोला याच गुन्ह्यासाठी त्यांच्या झोपायच्या खोलीतून अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे रद्द केले ते १९६७ मध्ये, आणि तोवरही ते १६ राज्यांत शिल्लक होते. अशा वेळी पडद्यावर ताटातूट दाखवली की प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो आणि नियम जागच्या जागी राहतो. लग्न दाखवलं, की त्याला ठरवावं लागतं, आपल्याला हे चालतं का?

एक गोष्ट मात्र खटकते. ग्रुव्हरची आधीची प्रेयसी, गोरी आयलीन, काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातला नट नाकामुरा याच्याकडे ओढली जाते, पण ते नातं सिनेमा अर्ध्यावरच सोडतो. त्यात नाकामुरा झालाय रिकार्डो मोंतालबान, मेक्सिकन अभिनेता. कात्सुमी झालेली मियोशी उमेकी मात्र जपानचीच, आणि त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं.