व्हिसा नाकारला, म्हणजे सार्वभौमत्वाला धक्का बसला का?

मित्रहो, एखाद्या नामवंत भारतीयाला परदेशाने व्हिसा नाकारला की ‘देशाचा अपमान झाला’ अशी ओरड लगेच सुरू होते. पण कुणाला आपल्या हद्दीत येऊ द्यायचं, हे ठरवणं हाच मुळात सार्वभौम सत्तेचा हक्क. आपणही तो बजावतो, परदेशी पत्रकारांना, अभ्यासकांना अडवतो. मग तोच हक्क दुसऱ्यांना नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मार्च २००५ मध्ये अमेरिकेने गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना राजनैतिक व्हिसा दिला नाही आणि आधीचा पर्यटन-व्यवसाय व्हिसाही रद्द केला. धार्मिक स्वातंत्र्याच्या गंभीर उल्लंघनाबद्दलचं, त्यांच्याच कायद्यातलं एक कलम लावलं. केंद्रात तेव्हा मोदींचे विरोधक होते. तरीही मनमोहन सिंगांनी राज्यसभेत निषेधाचा सूर लावला. रीतसर कायदेशीर प्रक्रिया सोडून निव्वळ आरोपांवरून एका घटनात्मक पदाबद्दल निवाडा करणं योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती मला आजही पटते. २००२ च्या दंगलींबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्याचा निकाल भारतीय न्यायालयातच लागायला हवा.

मला खरं दुःख २०१३ सालचं आहे. मोदींना व्हिसा देऊ नका, अशी आपल्या खासदारांच्या सह्यांची, ओबामांना लिहिलेली पत्रं तेव्हा उजेडात आली. सीताराम येचुरींसारख्या काहींनी ती सही आपली नाहीच, असं सांगितलं. त्याच सुमारास भाजपाध्यक्ष राजनाथ सिंह मात्र, व्हिसा द्यावा असं अमेरिकेला सांगू, म्हणत होते. मागण्या उलट्या, दरवाजा एकच! आपला राजकीय वाद आपणच वॉशिंग्टनच्या दारात नेला, अमेरिकेने तो मागितला नव्हता.

चीनची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे माणसाला नव्हे, त्याच्या गावाला नकार असतो. २०१० मध्ये आपल्या लष्कराच्या उत्तर विभागाचे (नॉर्दर्न कमांड) प्रमुख लेफ्टनंट जनरल जसवाल यांना चीनने नेहमीचा व्हिसा दिला नाही, कारण त्यांच्या हाताखाली जम्मू-काश्मीर होतं. अरुणाचलच्या लोकांना पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळा कागद स्टेपल करून देतात. त्या कागदाचा अर्थ सरळ आहे: तुमचा प्रदेश भारताचा आहे, हे आम्ही मानत नाही. हा कागद घेऊन जाणं म्हणजे त्या म्हणण्यावर मान डोलावणं.

जुलै २०२३ मध्ये चंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेआधी अरुणाचलच्या वुशू (एक चिनी युद्धकला) खेळणाऱ्या तीन मुलींना असेच कागद मिळाले, तेव्हा भारताने सगळा वुशू संघच पाठवला नाही. दोनच महिन्यांनी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्या तिघींना पुन्हा प्रवेश मिळाला नाही. या वेळी क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांनी दौरा रद्द केला, पण बाकीचा संघ गेला. मणिपूरच्या रोशिबिना देवीने रौप्यपदक जिंकलं आणि ते या तिघींना अर्पण केलं.

मला पहिला निर्णय अधिक योग्य वाटतो. त्यात इतर खेळाडूंची संधी गेली, ही किंमत मोठी आहे, हे मान्य. पण तिघींना वगळून संघ खेळला, तर अरुणाचलला वेगळं काढण्याचा चीनचा हेतू मैदानावर तरी साध्य होतोच.