पंखा थांबलेला नसतो

मंडळी, टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर चमकून ती ठिणगी वेळेवर पडते का हे दाखवणारा दिवा, म्हटलं की सगळे प्लगच्या वायरीतल्या शॉकला भितात. भ्यायलाच हवं. पण माझं म्हणणं असं की त्याहून मोठा धोका त्या लाइटच्या उजेडात आहे. हे मी भेटेल त्याला सांगत असतो. आज तुम्ही आपणहून आलात, तेव्हा सविस्तर सांगतो.

आपली पद्मिनीच घेऊ. मुंबईच्या टॅक्सीतून 2023च्या ऑक्टोबरअखेर ती गेली, तेव्हा या सभागृहातल्या काहींनी सुतक पाळलं होतं, मला ठाऊक आहे! चार सिलिंडर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन मिनिटाला 800 फेरे घेतंय असं धरा. फोर स्ट्रोक असल्यामुळे एक नंबरचा प्लग दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी टाकतो, आणि लाइट त्याच प्लगच्या वायरीला जोडलेला, म्हणजे तो मिनिटाला 400 वेळा चमकतो. दर वेळी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुलीवरची खाच त्याच जागी असते, म्हणून ती जागच्या जागी थिजलेली दिसते. ही युक्ती 1832 सालची, बेल्जियमच्या जोसेफ प्लातोला आणि व्हिएन्नाच्या श्टाम्फरला स्वतंत्रपणे सुचलेली. त्यावरही बोलायला आवडलं असतं, पण राहू दे.

तर तोच उजेड शेजारच्या पंख्यावरही पडतो. पंखा बेल्टवर फिरतो, त्याचे फेरे पुलीइतकेच असतील असं नाही. पण एखाद्या वेगाला जुळून येतं आणि पाती उभी राहतात, नाहीतर आळसावल्यासारखी सरकताना दिसतात.

एका गॅरेजात मी हे समोर पाहिलंय. पावसाळी संध्याकाळ, आत अंधार, कारण खूण नीट दिसावी म्हणून दिवा मुद्दाम मालवलेला. लाइटची वायर बॅटरीवरून सैल लोंबत होती. हाताखालच्या पोराला ती पंख्याजवळ गेलेली दिसली आणि त्यानं ती बाजूला करायला हात घातला. पाती उभी होती ना त्याच्या डोळ्यांपुढे! मेस्त्रींनी कॉलर धरून त्याला मागे ओढलं. हात वाचला, वायर मात्र पंख्यानं ओढून घेतली आणि रेडिएटरवर तिचे तुकडे उडाले. पोराची चूक काय? त्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवला. माझा राग आहे तो इंजिन चालू असताना वायरी जोडण्याच्या आणि सारख्या करण्याच्या पद्धतीवर. अनुभवी माणसं सर्रास तसं करतात आणि पोरं बघून शिकतात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीये, तेव्हा जोडणी भराभर सांगतो. सगळी जोडणी इंजिन बंद असताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, जागा मोकळ्या हवेची. घड्याळ, अंगठी, ओढणी बाजूला. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणारे पॉइंट असतात, त्यांचा गॅप आधी लावून घ्या, कारण तो बदलला की टायमिंगही बदलतं. रॉकेलच्या चिंधीनं पुली पुसून खाचेत खडू भरा. लाइटचा लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी उडालीच तर बॅटरीच्या गॅसजवळ उडणार नाही. मॉरिस मायनरसारख्या जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतं. तिथंही लाल पॉझिटिव्हलाच, म्हणजे बॉडीला, काळा निगेटिव्हला. 6 व्होल्टच्या जीपला 12 व्होल्टचा लाइट असेल तर त्याला वेगळी बॅटरी द्या.

लाइटचा क्लॅम्प एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर, त्यावरचा बाण प्लगकडे. वायरीत टाचणी खुपसायची नाही. मग वायरी पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरच्या नळीपासून दूर नेऊन बांधा आणि तेव्हाच स्टार्टर मारा. इंजिन गरम होऊ द्या. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची नळी असेल आणि मॅन्युअल सांगत असेल, तर ती काढून तोंड बंद करा. टायमिंग जुळवायला डिस्ट्रिब्युटर फिरवताना हात त्याच्या बुडाला धरा, वायरींना नको.

काढताना आधी चावी बंद. पंखा खरंच थांबलाय का, हे साध्या टॉर्चच्या उजेडात बघा. मग क्लॅम्प, मग काळा चिमटा, मग लाल. आणि व्हॅक्युमची नळी परत लावा. ती बॉनेटखाली तशीच राहिलेल्या गाड्या मी फार पाहिल्यात.