वेग कुठल्या आकड्यावर अडतो?

नमस्कार. घरचं इंटरनेट फार हळू चालतं, अशी तक्रार कुणी केली की मी आधी एकच विचारतो: नेमकं किती येतं? 'अगदीच कमी' या उत्तरावरून काहीच कळत नाही. पण 'प्लॅन ३००चा आहे आणि टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४च दाखवते' असं कुणी म्हणालं, तर राउटर डोळ्यांनी न बघताही दोष कुठे असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. वेग ज्या आकड्याला येऊन थांबतो, तो आकडाच दोषाचा पत्ता सांगतो. आजचं सगळं बोलणं याच मुद्द्यावर आहे.

एक खुलासा आधी उरकतो. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडच्या खिडकीत बहुधा मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल, तर सगळं ठीक आहे. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

आता मोजायचं कसं? वायफायवर मोजू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, घरातली बाकीची उपकरणं थोडा वेळ बंद करा आणि मग टेस्ट घ्या. मोडेम (कंपनीची लाइन ज्याला येते ते यंत्र) आणि राउटर वेगवेगळे असतील तर राउटर बाजूला ठेवून थेट मोडेमलाही लॅपटॉप लावून बघा. काही जोडण्यांमध्ये त्यासाठी कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड लॅपटॉपवर टाकावं लागतं. मोडेमपाशी पूर्ण वेग मिळतो आणि राउटरमागे मिळत नाही, एवढं दिसलं की कंपनीशी भांडायचं कारण उरत नाही. दोष घरातला आहे.

आता त्या ९४कडे येऊ. हा आकडा मला फार आवडतो, कारण तो कधी खोटं बोलत नाही. राउटरच्या मागचं पोर्ट, म्हणजे केबल घालायची जागा, १०० मेगाबिटचं असेल तर त्यातून १०० कधीच मिळत नाहीत. नेहमीचं एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, तारेवर १५३८ बाइटची जागा घेतं आणि त्यात तुमच्या कामाचा मजकूर असतो जास्तीत जास्त १४६० बाइट. उरलेली जागा पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधलं अंतर यांत जाते. भागाकार करा, ९५च्या जरा खाली उत्तर येतं. म्हणून टेस्ट ९४-९५वर येऊन खिळली, की वाटेत कुठेतरी शंभराचा दरवाजा आहे असं समजा. याच हिशेबाने गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, पोर्टावर ९४०च्या आसपास मिळतात.

इथे गिऱ्हाइकाची मोठी फसगत होते आणि मला त्याचा खरोखर राग येतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एसी१२००' लिहिलेलं असतं. माणूस समजतो, १२०० मिळणार. प्रत्यक्षात ती दोन वायफाय बँडांच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) कागदावरच्या कमाल वेगांची बेरीज असते, ३०० अधिक ८६७, आणि वर गोल केलेली. कुठल्याही एका फोनला ती बेरीज मिळत नाही. त्यातही याच वर्गातल्या काही राउटरांची पोर्टं शंभराचीच असतात. हवेत ८६७चा दावा आणि मागे तारेतून आत येतात ९४. ही माहिती खोक्यावर बारीक अक्षरांत असते, कधी फक्त माहितीपत्रकात.

पण ९४ दिसले म्हणून लगेच नवा राउटर आणू नका. केबलही हेच करते. केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. शंभराच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार आत तुटली, किंवा टोकाची पिन नीट दाबली गेली नसेल, तर दोन्ही बाजूची यंत्रं बऱ्याचदा मुकाट्याने शंभरावर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, दिवा लागलेला असतो, कुणाला शंका येत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो, तो बघा. तिथे गिगाबिटऐवजी १०० दिसले तर आधी केबल बदला.

तारेवर सगळं नीट निघालं तर मग वायफाय. फोन २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये एका अँटेनाने जोडलेला असेल, तर वायफाय ४ या पिढीत जोडणीचा वेग ७२ मेगाबिट दिसतो आणि हाती साधारण निम्मा लागतो. म्हणजे ३५-४०वर अडलेला फोन बहुधा चुकीच्या बँडवर आहे. ५ गिगाहर्ट्झवर घ्या. आणि २०-२५वर अडत असेल तर सुरक्षेचं सेटिंग उघडा. तिथे 'टीकेआयपी' ही डेटा कुलूपबंद करायची जुनी पद्धत निवडलेली असेल, तर नियमानुसार जोडणी ५४ मेगाबिटच्या जुन्या वेगांवरच राहते. 'एईएस' ही नंतरची पद्धत निवडली की वेग सुटतो, आणि सुरक्षाही चांगली होते. राउटर जुना नसतो, सेटिंग जुनं असतं.

आता जरा अवघड भाग. कधीकधी आकडा ठरावीक नसतो. प्लॅन ५००चा, पोर्ट गिगाबिटचं, केबल धडधाकट, आणि तारेवरही कधी १८० येतात, कधी २४०. इथे राउटरचा प्रोसेसर दमलेला असतो. घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी बाहेरचा पत्ता एकच असतो, त्यामुळे प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता राउटरला बदलावा लागतो. स्वस्त राउटरचा छोटा प्रोसेसर हे मोठ्या वेगाने करू शकत नाही, म्हणून त्या कामासाठी वेगळा हार्डवेअरचा मार्ग दिलेला असतो. पण मुलांसाठीची बंधनं, कुणी किती डेटा वापरला त्याची नोंद, किंवा क्यूओएस (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) यांपैकी काही चालू केलं की बऱ्याच राउटरांत पॅकेटं त्या मार्गाने न जाता प्रोसेसरकडे येतात आणि वेग कोसळतो. या सोयी एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी टेस्ट घ्या. राउटरवरच व्हीपीएन, म्हणजे सगळा डेटा कुलूपबंद करून पाठवणारी सोय, चालवत असाल तर संशय आधी त्याच्यावर घ्या. व्हीपीएनच्या प्रकारांपैकी ओपनव्हीपीएन साध्या राउटरवर फार जड जातं, वायरगार्ड पुष्कळ हलकं आहे.

आणखी एक तक्रार अशी असते, की टेस्ट पूर्ण वेग दाखवते पण कुणी फोटो अपलोड करायला लागलं की बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल अडखळतात. हा वेगाचा दोषच नाही. पॅकेटं यंत्राच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, लांब रांगेत पडून राहतात. याला बफरब्लोट म्हणतात. व्हॅन जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी २०१२मध्ये यावर 'कोडेल' ही पद्धत मांडली, आणि तिच्यातून आलेली 'एफक्यू-कोडेल' आज अनेक राउटरांत मिळते. ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा जरा खाली ठेवली की कॉल सुरळीत होतात. मात्र हेही काम प्रोसेसरचंच, तेव्हा दुबळ्या राउटरवर मोठ्या प्लॅनसाठी हा उपाय उलटू शकतो.

नवा राउटर घ्यायची वेळ आलीच तर अँटेना मोजू नका. आधी पोर्टांचा वेग वाचा, मग हवी ती सोय चालू असताना तो किती वेग टिकवतो ते शोधा. जुना राउटर लांबच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय देण्यासाठी, लावता येतो: त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात घाला. मात्र त्याचे सुरक्षा अपडेट बंद झाले असतील तर तो मुळीच लावू नका.