आधी परत, मग नोकरी

(मँचेस्टरमधल्या आपल्या २०२५ च्या दिवाळी मेळाव्यात एका सभासद भगिनीने केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. फराळ आणि तुमच्या मध्ये मला उभं केलंय, तेव्हा लांबण लावत नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकते : मला अजून कायमची नोकरी लागलेली नाही. यशोगाथा ऐकायच्या तयारीत कोणी बसलं असेल तर त्यांनी चकलीकडे वळायला हरकत नाही.

आम्ही २०२० च्या अखेरीस इथलं बिऱ्हाड मोडून कोल्हापूरला गेलो. सासूबाईंचा पार्किन्सन्स वाढला होता. तोवर मी इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट होते, ब्लड ट्रान्सफ्युजनला, म्हणजे रुग्णाला द्यायचं रक्त तपासून जुळवणाऱ्या विभागात, बँड ६ वर (बँड म्हणजे पगाराची श्रेणी; आकडा मोठा तशी वरची). गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. यंदा जुलैत मी लेकीला घेऊन परत आले. हे तिकडचे घराचे व्यवहार आणि कॉलेजातली नोकरी उरकून येतील.

निघताना कोल्हापुरात आणि इथेही सगळ्यांचा सल्ला एकच : "नोकरी हातात आल्याशिवाय जाऊ नका." सल्ला मायेचाच होता. पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. काही मुदती इथे पाय ठेवल्याशिवाय सुरूच होत नाहीत आणि काही तिकडे बसल्या बसल्या संपत जातात.

पहिली मुदत मुलांच्या फीची. इंग्लंडमधल्या विद्यापीठात होम फी, म्हणजे इथल्या रहिवाशांसाठीची कमी फी, लागू व्हायला नुसता ब्रिटिश पासपोर्ट पुरत नाही. कोर्स सुरू होण्याआधीची सलग तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या कोर्ससाठी १ सप्टेंबरपासून मागे मोजायचं. लेकीची आठवी एप्रिलमध्ये झाली. 'दहावीची बोर्डाची परीक्षा होऊ दे, मग नेऊ' असा घरात सूर होता. मी बोटं मोजली. दहावी २०२७ ला, मग इथे सिक्स्थ फॉर्मची (अकरावी-बारावीसारखी) दोन वर्षं, २०२९ ला विद्यापीठ. म्हणजे वास्तव्य भरतं दोनच वर्षं! २०२५-२६ या वर्षासाठी होम फीची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड होती; परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी त्याच्या दुपटीच्या वर जाते, आणि स्टुडंट लोनही मिळत नाही. 'आम्ही तात्पुरते बाहेर होतो' असं म्हणता येतं, पण ते सिद्ध आपण करायचं आणि निर्णय विद्यापीठाचा. शिवाय जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, अभ्यास दोन वर्षांचा : इयर टेन आणि इलेव्हन. मध्येच इयर इलेव्हनला आणून बसवलं तर पोरीचे हाल. म्हणून ती या सप्टेंबरला इयर टेनला बसली. माझ्या नोकरीसाठी तिचं वय थांबणार नव्हतं.

दुसरी मुदत माझीच. एचसीपीसी ही बायोमेडिकल सायंटिस्ट, फिजिओ वगैरेंची नोंदणी ठेवणारी इथली संस्था. तिथली नोंदणी मी जाताना सोडली होती. कामापासून दोन ते पाच वर्षं लांब राहिलात तर परत नोंदणीसाठी ३० दिवसांची उजळणी दाखवावी लागते. पाच वर्षं उलटली की ६० दिवसांची. माझी पाच वर्षं या वर्षाअखेरीस भरत होती. उजळणीतला जास्तीत जास्त निम्मा भाग घरी वाचून चालतो. बाकीचा देखरेखीखालच्या कामातून किंवा रीतसर कोर्समधून, आणि ती देखरेख करणारं माणूस आपलं आपण शोधायचं. एचसीपीसी शोधून देत नाही. फॉर्मवर सही करणारी व्यक्ती आपल्याच व्यवसायातली लागते. हे कोल्हापुरातून ईमेल करून जमत नाही हो. दारात जाऊन उभं राहावं लागतं. माझी एक जुनी सहकारी देवासारखी उभी राहिली, ऑक्टोबरमध्ये नोंदणी हातात आली.

घराचं मात्र सांगायला नको. एजंटचा साधा हिशेब असतो : महिन्याच्या भाड्याच्या तीसपट वार्षिक पगार दाखवा. पगार शून्य, तीसपट कुठून आणू? जामीनदार आणा म्हणाले. आपल्याच मंडळातलं एक कुटुंब जामीन राहिलं. त्यांनी नाव घेऊ नको म्हणून बजावलंय. तुमच्यापैकी निम्मे सेल, टिंपर्ली, ऑल्ट्रिंकमला, ग्रामर स्कूलच्या, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांच्या, मागे. मला तिथलं भाडं झेपणारं नव्हतं. लेव्हनशूमला दोन खोल्या घेतल्या. दारात १९२ नंबरची बस. मी गेले तेव्हा ती पिवळी नव्हती, आता सगळ्याच बस पिवळ्या. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, तेव्हा ते पहिल्या आठवड्यात उरका. मतदार यादीतही लगेच नाव घाला, क्रेडिट फाइल (आपल्या उधारीची पत दाखवणारी नोंद) त्यानं सुधारते. आणि पासपोर्ट ब्रिटिश असला तरी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) मागताना तुम्ही इथले रहिवासी आहात का याची चौकशी होते, हे गृहीत धरूनच पैसे घेऊन या.

आता नोकरी. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, जाहिरातीत पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे उमेदवारात काय हवं याची यादी असते, इसेन्शियल आणि डिझायरेबल अशा दोन रकान्यांत. पॅनल त्यावरच गुण देतं. सुरुवातीला मी जुन्या ओळखीवर विसंबून सुंदर पत्रं लिहायचे. आता प्रत्येक मुद्द्याखाली एक प्रसंग लिहिते, त्याच क्रमाने. जाहिरात मुदतीआधी बंद होऊ शकते, म्हणून रविवारची वाट बघत नाही. चार-पाच वर्षांच्या खंडाबद्दल दोन ओळी पुरतात. लपवू नका आणि त्यावर निबंधही लिहू नका. मधल्या काळात आयएसओ १५१८९ चं, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळांच्या गुणवत्तेचं, २०२२ चं मानक आलं. प्रयोगशाळांना त्यावर यायची मुदत डिसेंबर २०२५ पर्यंतची होती. ते वाचून जाते. जून २०२४ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलांच्या पॅथॉलॉजीवर सायबर हल्ला झाला आणि 'ओ' गटाच्या रक्तासाठी आवाहन करावं लागलं, तेही वाचून जाते. कॉम्प्युटर बंद पडला तर रक्त कसं द्याल, हा प्रश्न आता येतोच.

दरम्यान मी बँक स्टाफ म्हणून, म्हणजे लागेल तेव्हा बोलावतात त्या यादीतून, लॅब असिस्टंटच्या पाळ्या करते. बँड ३. यावर एका काकूंनी परवा विचारलं, "एवढी शिकून नळ्या लावत बसतेस?" काकू, रागावू नका, पण हो, बसते. ट्रान्सफ्युजनमध्ये रक्ताच्या नमुन्याच्या त्या नळीवरच्या लेबलातून मोठा घोटाळा होऊ शकतो, तेव्हा ते काम हलकं मानायला मी तयार नाही. आणि रोखठोक हिशेब सांगायचा तर एनएचएसला मागच्या तीन वर्षांचा कामाचा आणि खंडाचा माग लागतो. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा मी सांभाळल्या, त्याचं रेफरन्स लेटर कोण देणार? या पाळ्यांमुळे आज मला ओळखणारी एक मॅनेजर आहे. घरभाड्याचा काही भागही सुटतो.

तेव्हा मंडळाकडे एक मागणं. नवीन येणाऱ्यांसाठी आपण विमानतळावर गाडी पाठवतो, पहिल्या दिवशी डबा देतो. परत येणाऱ्याला मात्र 'तुला काय, सगळं माहीतच आहे' म्हणून सोडून देतो. स्वागताच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत, शिक्षक, अकाउंटंट आहेत. कुणाच्या उजळणीवर सही करू शकाल का, जामीन राहू शकाल का, तासभर मॉक इंटरव्ह्यू घ्याल का, एवढंच लिहा. आणि भारतात कुणाची आठवी-नववीतली मुलं घेऊन परतायचा विचार असेल, तर त्यांना आज रात्रीच तीन वर्षांचा नियम कळवा.

मंगळवारी माझी मुलाखत आहे, बँड ५ ची. ट्रान्सफ्युजनवालं कुणी असेल तर फराळाच्या रांगेत मला गाठा आणि अवघड प्रश्न विचारा.