लॅरी रॉबिन्सनला ‘नुसता असिस्टंट कोच’ म्हणू नका!

नमस्कार मंडळी! आइस हॉकीवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच मागणी इतक्या वेळा आली की आज तिच्यावरच बोलायचं ठरवलं. “ताई, गोल मारणाऱ्यांचं कौतुक झालं, आता मागे उभ्या राहणाऱ्यांबद्दल सांगा.” सांगलीच्या एका काकांनी तर नेमकं विचारलंय, “डिफेन्समन निवृत्त झाल्यावर चांगला कोच होतो का?” काका, होतो. माझ्यासाठी त्याचं सगळ्यात भरघोस उदाहरण म्हणजे लॅरी रॉबिन्सन.

जुजबी गोष्टी पटकन उरकते, कारण त्या आधीच्या व्हिडिओत येऊन गेल्यात. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात. एक गोलकीपर, तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन. चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग आणि तिचा चषक म्हणजे स्टॅनली कप. झालं, पुढे जाऊ.

रॉबिन्सनचा जन्म 1951 चा, ऑंटॅरिओतल्या विंचेस्टरचा. वाढला तिथून जवळच मार्व्हलव्हिल नावाच्या छोट्या गावात, दुधाच्या गाईंच्या फार्मवर. पोरवयात तो फॉरवर्ड खेळायचा. ज्युनिअर हॉकीत आल्यावर त्याला मागे डिफेन्सला आणलं. 1971 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथे, माँट्रियल कॅनेडियन्सनी पहिल्याच क्रमांकावर गी लाफ्लरला घेतलं आणि विसाव्या क्रमांकावर या सहा फूट चार इंचांच्या पोराला. पहिल्या क्रमांकाची बातमी झाली, विसाव्याची कोण करतं? पुढे एका बाजूला सर्ज सव्हार्ड, दुसऱ्या बाजूला गी लापॉइंट आणि मध्ये हा. ‘बिग थ्री’ म्हणून हे तिघं माँट्रियलमध्ये आजही आठवले जातात.

खेळाडू म्हणून सहा स्टॅनली कप: 1973, मग 1976 ते 1979 सलग चार, आणि 1986. उत्तम डिफेन्समनसाठीची नॉरिस ट्रॉफी दोनदा, 1977 आणि 1980. प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामानंतर कपसाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांमधल्या, सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी 1978 मध्ये. वीस हंगाम खेळला, शेवटचे तीन लॉस एंजेलिस किंग्जकडून, आणि विसाच्या वीस हंगामांत त्याचा संघ प्लेऑफमध्ये होता.

इथे एका कमेंटसाठी थांबते. मागे मी ओझरतं म्हटलं होतं, 1976-77 मध्ये रॉबिन्सन अधिक 120 होता. त्यावर लिहिलंय, “डिफेन्समननं 120 गोल? काहीही!” अहो, ते गोल नव्हेत. दोन्हीकडे सारखे खेळाडू असताना तुम्ही बर्फावर आहात आणि तुमच्या संघानं गोल केला, की तुमच्या खात्यात अधिक एक. गोल खाल्ला, की वजा एक. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, केलेला गोल यात धरत नाहीत. म्हणजे रॉबिन्सन बर्फावर असताना माँट्रियलनं जेवढे गोल खाल्ले, त्याहून 120 जास्त केले. एका हंगामात याच्या पुढे फक्त बॉबी ऑर आहे, 1970-71 चा, अधिक 124. माँट्रियल त्या वर्षी 80 पैकी फक्त आठ सामने हरले होते, तेव्हा संघाचा वाटा आहेच. पण संघ तर सगळ्यांचा तोच होता, आणि यादीत सगळ्यात वर हा होता.

त्याच्या ताकदीबद्दल एकच सांगते. 1976 च्या फायनलमध्ये फिलाडेल्फियाच्या गॅरी डॉर्नहोफरला त्यानं अशी धडक दिली की कडेचा बोर्ड निखळला आणि तो दुरुस्त करायला खेळ थांबवावा लागला. तरी मला रॉबिन्सन या धडकेसाठी आवडत नाही. आवडतो तो त्याच्या अंतरासाठी. याला तिथे गॅप म्हणतात, आणि आजच्या व्हिडिओत हे एक तरी नीट बघा.

समोरून फॉरवर्ड पक घेऊन सुसाट येतोय. डिफेन्समन त्याच्याकडे तोंड करून उलटा स्केटिंग करतोय, म्हणजे मागे बघताही येत नाही. दोघांमध्ये अंतर किती ठेवायचं? जास्त ठेवलं, तर समोरचा आरामात निळी रेषा, म्हणजे आपल्या भागाची हद्द, ओलांडून आत येतो, मान वर करतो आणि शॉट मारतो. कमी ठेवलं, तर एका हुलकावणीत तो बाजूनं निघून जातो आणि मग पाठलाग करण्यात अर्थ नसतो. साधारण एक-दीड काठीचं अंतर, आणि ते धावत्या वेगात राखायचं. त्याचा वेग वाढला की तुमचाही मागे जाण्याचा वेग वाढला पाहिजे. काठी एका हातात, पातं बर्फाला टेकलेलं, मधली वाट बंद. नजर पकवर ठेवायची नाही, समोरच्याच्या छातीवर ठेवायची, कारण पक फसवतो, छाती फसवत नाही. कबड्डीत कोपऱ्याचा खेळाडू रेडरवर झडप घालण्याआधी त्याला कसा रेषेकडे, रेषेकडे ढकलत नेतो, तसं समोरच्याला कडेच्या बोर्डाकडे न्यायचं. तिथून गोल व्हायची शक्यता फार कमी.

मी टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहते. माझी भाची इथे पहाटेच्या सरावाला जाते, बऱ्याचदा मीच सोडते. तिला डिफेन्सला ठेवलं तेव्हा घरात नाराजी झाली, “मागे कशाला टाकलं?” तिची प्रशिक्षक पोरींना पकच देत नाही सुरुवातीला. नुसतं जोडीनं, एक पुढे येणारी, एक मागे जाणारी, आणि मधलं अंतर बदललं की शिट्टी. बाकावर बसून बघितलं की कळतं, हे अंगात येण्यासाठी कुणीतरी शेजारी उभं राहून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. माझ्या आजच्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

तर तक्रार. रॉबिन्सनबद्दल काहीही टाकलं की खाली येतंच, “खेळाडू मोठा, कोच म्हणून फेल. शेवटी असिस्टंटच राहिला.” हे वाचून मला खरंच राग येतो. आता मी यावर सविस्तर बोलणार आहे.

आधी बेंचवर काय चालतं ते बघा. एनएचएलच्या सामन्याला बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन आणि दोन गोलकीपर असतात. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात, एक पाळी पाऊण मिनिटाच्या आसपास. हे सगळं एकट्या हेड कोचला सांभाळणं अवघड. म्हणून बहुतेक संघांत डिफेन्सच्या तीन जोड्या एका असिस्टंटकडे असतात. समोर त्यांची तगडी ओळ आली तर आपली कुठली जोडी पाठवायची, कोण दमलाय, कुणाचं अंतर आज चुकतंय, हे तो ठरवतो. पाळी संपवून धापा टाकत आलेल्या खेळाडूच्या कानाशी वाकून बोलणारा माणूस तोच असतो. याला ‘नुसता’ म्हणायचं?

आता निकाल बघा. 1993 मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सनी जाक लमेरला हेड कोच केलं. लमेर माँट्रियलचाच जुना सहकारी, आणि त्यानं डिफेन्स रॉबिन्सनच्या हाती दिला. त्या संघाचा कर्णधार स्कॉट स्टीव्हन्स, स्वतः डिफेन्समन. त्या पहिल्याच हंगामात स्टीव्हन्स अधिक 53, अख्ख्या लीगमध्ये पहिला, शिवाय 78 गुणांसह (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) आपल्या संघातही पहिला. सोबत स्कॉट नीडरमायर नावाचा वीस वर्षांचा मुलगा शिकत होता. 1995 मध्ये याच डेव्हिल्सनी फायनलच्या मालिकेत बलाढ्य डेट्रॉइटला 4-0 नं, म्हणजे सलग चार सामन्यांत, धुतलं. लोक म्हणतात ते लमेरच्या ट्रॅपमुळे, म्हणजे रिंकच्या मधल्या भागात प्रतिस्पर्ध्याची कोंडी करायची पद्धत. बरोबर आहे. पण ट्रॅप फळ्यावर काढता येतो. बर्फावर तो तेव्हाच चालतो, जेव्हा मागचे दोघं अंतर राखतात.

मग 1995 ते 1999 तो लॉस एंजेलिसचा हेड कोच होता. चार हंगामांत प्लेऑफ एकदाच, 1998 मध्ये, तिथेही पहिल्याच फेरीत 4-0 नं हार. ‘फेल’वाले इथे बोट ठेवतात. ठेवा. पण 1998 ची नॉरिस ट्रॉफी कुणाला मिळाली? लॉस एंजेलिसच्या रॉब ब्लेकला.

आणि आता 2000. रॉबिन्सन पुन्हा डेव्हिल्सकडे असिस्टंट होता. हंगामाचे आठ सामने उरलेले, संघ घसरत चाललेला, आणि 23 मार्चला मालकांच्या वतीनं कारभार बघणाऱ्या लू लॅमोरिलोंनी हेड कोच रॉबी फटोरेकला काढून रॉबिन्सनला उभं केलं. बाहेरून नवा माणूस आणला असता तर आठ सामन्यांत खेळाडूंची नावं नि सवयी कळेपर्यंत हंगाम संपला असता. याला सगळं माहीत होतं, कारण तो वर्षभर असिस्टंट म्हणून त्यांच्या कानाशी बोलत होता. माझं म्हणणं समजतंय ना?

प्लेऑफमध्ये फ्लोरिडाला हरवलं, मग टोरोंटो. माझ्या आसपासच्या टोरोंटो मेपल लीफ्सच्या चाहत्यांसमोर हा विषय काढू नये. मालिकेतल्या सहाव्या सामन्यात टोरोंटोला साठ मिनिटांत फक्त सहा शॉट मारता आले. सहा! न्यू जर्सीनं तो सामना 3-0 नं जिंकला. गोलकीपर मार्टिन ब्रोदूर मोठाच, पण त्या दिवशी त्याच्यापर्यंत पक पोचूच दिला नाही. डिफेन्स म्हणजे काय हे बघायचं असेल तर कुठल्याही गोलच्या क्लिपऐवजी तो सामना बघा.

पुढे फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेत 3-1 नं मागे. चौथा सामना हरल्यावर एरवी शांत म्हणून ओळखला जाणारा रॉबिन्सन ड्रेसिंग रूममध्ये भडकला, कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली. इंटरनेटवर त्याची कोचिंगची कारकीर्द म्हणजे हा डबा! डेव्हिल्सनी पुढचे तिन्ही सामने जिंकले, म्हणून लोक म्हणतात, बघा, ओरडल्यावर जिंकले. अहो, त्यातले शेवटचे दोन सामने 2-1, 2-1 असे आहेत. लाथेनं एका रात्रीचा जोर येईल. दोन सामन्यांत मिळून दोनच गोल खाणं हे रोजच्या सरावातून येतं. फायनलमध्ये डॅलसला 4-2 नं हरवलं, 10 जूनला, सहाव्या सामन्यात, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जेसन आर्नटच्या गोलवर. आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू कोण? स्कॉट स्टीव्हन्स. डिफेन्समन.

पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, कोलोरॅडोकडून सातव्या सामन्यात हार. जानेवारी 2002 मध्ये त्यालाही काढलं. तरी तो संघटनेतच राहिला, आणि 2003 च्या कपमध्येही त्याचा हात होता. 2005 मध्ये परत हेड कोच झाला, पण डिसेंबरमध्ये स्वतःहून बाजूला झाला. ताण, डोकेदुखी, आणि ते त्यानं लपवलं नाही. यावरही खाली “झेपलं नाही” असं लिहिणारे आहेत. मला वाटतं, एनएचएलसारख्या ठिकाणी, जिथे तुटलेल्या हाडावर खेळल्याची कौतुकं होतात, तिथे एवढ्या मोठ्या नावाच्या माणसानं तब्येतीसाठी खुर्ची सोडणं हे धाडस आहे. आणि खुर्ची सोडली म्हणून शिकवणं सोडलं नाही. 2012 मध्ये सॅन होजे शार्क्सच्या बेंचवर परत आला, पुन्हा डिफेन्सवाल्यांजवळ. नंतर सेंट लुईस ब्लूजचा सल्लागार. हा संघ जानेवारी 2019 च्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये तळाला होता आणि त्याच जूनमध्ये स्टॅनली कप जिंकला. रॉबिन्सनचा तो दहावा: खेळाडू म्हणून सहा, हेड कोच म्हणून एक, आणि उरलेले तीन मागच्या फळीत राहून.

सांगलीच्या काकांनी दुसऱ्या कमेंटमध्ये विचारलंय, 2000 च्या त्या डेव्हिल्सच्या बेंचवर आणखी कोण होतं. काका, तिथे आणखी एक महान डिफेन्समन असिस्टंट कोच होता, सोव्हिएत संघाचा व्याचेस्लाव फेतिसोव्ह. तो दोन वर्षांनी रशियाला घेऊन ऑलिंपिकला गेला. पुढचा व्हिडिओ त्याच्यावर करतेय. तोवर टोरोंटोचा तो सहावा सामना बघा, आणि कुठल्या मिनिटाला कुणाचं अंतर आवडलं ते खाली लिहा. मी सगळं वाचते.